मोरीचं पाणी, विहिरीचं पाणी

कंपनीची बस पुलाच्या वळणावर हॉर्न द्यायची आणि आमच्या खोल्यांमध्ये एकदम धावपळ उठायची. कुणाचा बूट सापडत नसे, कुणाचा डबा अजून गॅसवरच असे, कुणी अर्धा शर्ट घालून धावत सुटलेला असे. अठरा खोल्या एका ओळीत, पुढे लांबलचक ओटा आणि टोकाला आमचं जुनं घर. चाकणच्या अलीकडचं आमचं गाव. ओढ्यापलीकडची जमीन कंपन्यांच्या वसाहतीत गेली आणि अलीकडच्या तुकड्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, या खोल्या बांधल्या. शेतात होते तेव्हा दिवसभर एक शब्द न बोलता त्यांचं चालायचं. भाडेकरू आल्यावर बोलावं लागायचं, म्हणून ते कायम थोडे दमलेले दिसायचे. सकाळी त्या ओट्यावरून चालत गेलं की अठरा घरांच्या फोडण्या नाकात जायच्या. एकीकडे मोहरीच्या तेलाचा उग्र वास, पुढे सुकटीचा, त्यापुढे येसराच्या आमटीचा. आमच्या घरातून बाजरीच्या भाकरीचा खरपूस वास येई आणि पाट्यावर मिरची-लसूण रगडल्याचा आवाज. मी ताथवड्याच्या कॉलेजात सिव्हिलचा डिप्लोमा करत होते. तीन गाड्या बदलून जायचं, म्हणून माझी भाकरी सगळ्यांत आधी व्हायची.

आमच्या जुन्या घराच्या मोरीमागे आईचा वाफा होता. मोरीचं पाणी आधी एका खळग्यात साचायचं, तिथून दगडगोट्यांतून पाझरत कर्दळीच्या मुळांत जायचं, कर्दळीतून अळवात आणि शेवटी केळीच्या बुंध्याशी. तिच्या आईच्या घरीही तसंच होतं. गावात बऱ्याच घरांमागे असा एखादा वाफा असायचा, पण आईचा कधी घाण मारायचा नाही. दर चार महिन्यांनी ती वरचे गोटे काढून उन्हात वाळत घालायची आणि पुन्हा बसवायची. खळग्याजवळचं अळू ती कधी भाजीला घेत नसे. केळीजवळचंच खुडायची आणि त्याचं दाण्याचं कूट, हरभऱ्याची डाळ नि आंबट चुका घालून फदफदं करायची. मी हे सगळं लहानपणापासून पाहत होते आणि कॉलेजात सांडपाण्याचा धडा शिकताना मला त्यातलं एकही आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी वर्गात बोलले नसते. पुण्याहून येणाऱ्या मुलींच्या समोर मोरीमागच्या अळवाचं काय सांगायचं, असंच मला वाटलं असतं.

खोल्या बांधताना गटार कुठे काढायचं यावरून घरात एकदा बोलणं झालं होतं. ते माझ्या समोरच झालं.

"आवो, हिरीच्या वरल्या अंगाला गटार नगा काढू," आई म्हणाली. "झरा त्याच अंगानं येतोय. लग्न होऊन आले त्या साली गाळ काढाया मी आत उतरले व्हते. माज्या डोळ्यांनी बघितलाय."

"मिस्तरी म्हणतोय, शोषखड्डा केला की पाणी जमिनीत जिरतंय," अण्णा म्हणाले. "खाली उतार न्हाई. तिकडं न्यायचं तर समदा ओटा फोडावा लागंल."

"जिरतंय, पर कुठं जातंय त्ये मिस्तरीला काय ठावं?"

अण्णांनी मिस्तरीचंच ऐकलं. शोषखड्डा झाला तो विहिरीच्या वरच्याच अंगाला. पुढे दोन वर्षांत खड्डा तुंबला, संडासाच्या टाकीचं पाणीही त्याच गटारात उतरायला लागलं. विहिरीवर मोटर होती, मोटरीवरून टाकी आणि टाकीवरून अठरा खोल्यांना नळ. आमच्या घरालाही तोच नळ. आम्ही सगळे तेच पाणी प्यायचो.

सातव्या खोलीत उषा राहायची. ती परभणीकडची, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. नवरा सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला आणि पदरात सात महिन्यांचा मुलगा, सोन्या. आईला ती मावशी म्हणायची, मला मात्र घरमालकाची मुलगी म्हणून ताई. दुपारी ताक न्यायला आली की सोन्याला माझ्या आईच्या पुढ्यात टाकायची आणि गावाकडचं सांगत बसायची. एका सकाळी मी कॉलेजला निघाले असताना ती ओट्यावर उभी दिसली. पोराला छातीशी धरलेलं, साडीवर ओले डाग.

"ताई, लेकराला काल धरून जुलाब हायेत. डोळे बघा कसे झालेत. हे तर शिफ्टला गेले. मला दवाखाना म्हाईत नाई."

मी बॅग घरात टाकली आणि तिच्याबरोबर चाकणला गेले. डॉक्टरांनी सोन्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच वर राहिली, सावकाश खाली बसली. ते मला अजून दिसतं. सलाइन लावायला त्याच्या हाताची शीर सापडेना, मग पायाची धरली. तो रडतही नव्हता, नुसता तोंड उघडत होता. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं," मी म्हणाले.

"कुणाची विहीर?"

उषाने माझ्याकडे पाहिलं. "आमचीच," मी म्हणाले. डॉक्टर म्हणाले, पाणी तपासून घ्या, तोवर उकळून द्या. उषाने मान हलवली. पण उकळायचं म्हणजे गॅस, आणि महिन्याला एक सिलेंडर पुरवताना तिची काय ओढाताण होते ते मला माहीत होतं. चौथ्या दिवशी सोन्या घरी आला. दोन दिवस तिने पाणी उकळलं, मग सोडून दिलं. पोर बरं दिसत होतं.

मी मात्र विहिरीचं पाणी एका उकळून घेतलेल्या बाटलीत भरून कॉलेजात नेलं. आमच्या सरांची प्रयोगशाळा होती, ते मुलांना नमुने तपासायला शिकवायचे. त्यांनी विचारलं, "कुठलं पाणी आहे?" मी म्हणाले, "गावातलं." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. काही दिवसांनी त्यांनी कागद हातात दिला आणि म्हणाले, "यात मैल्याचे जंतू आहेत. भरपूर आहेत. ज्यांची विहीर असेल त्यांना आजच्या आज सांग, हे कुणी पिऊ नका म्हणून."

तो कागद मी वहीत घातला, वही बॅगेत घातली आणि घरी आले. दारात अण्णा एका नव्या भाडेकरूशी बोलत होते. आई तव्यावर भाकरी टाकत होती. मी हातपाय धुतले, जेवायला बसले आणि बोलले नाही. जेवताना पाण्याचा तांब्या समोर होता, त्यातलं पाणी मी प्यायले. का प्यायले ते आजही नीट सांगता येत नाही. नाही प्यायले असते तर आईने विचारलं असतं, एवढंच कदाचित. मनात एकच चाललं होतं. सांगितलं तर खोल्या रिकाम्या होतील. माझी फी या खोल्यांवर भरली जाते. अण्णांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि सोन्या तर आता बरा आहे. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांनी विचारलं, "सांगितलंस का?" मी हो म्हणाले. परतताना मी गाडीत खिडकीशी बसले. वाटेतल्या सगळ्या भाड्याच्या खोल्यांची गटारं मला दिसत होती. आपल्याकडेच आहे असं थोडंच आहे, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. असे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराव्या खोलीतली मुलगी आजारी पडली आणि उषा पुन्हा आमच्या दारात आली. सोन्याला पुन्हा लागलं होतं, आता ताप पण होता. तिचा नवरा त्या दिवशी घरी होता. ते दोघं रिक्षा करून गेले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन तो कागद आईच्या पुढ्यात ठेवला. आईला वाचता यायचं, पण सावकाश. मी म्हणाले, "विहिरीचं आहे. पिण्यालायक नाही."

"कवा आला ह्यो कागुद?"

"परवा."

आईने तवा खाली उतरवला. मला वाटलं ती रागावेल, एखादी थप्पड देईल. तिने तसं काहीच केलं नाही. कागद घडी करून कमरेला खोचला, मोटरीचं बटण बंद केलं आणि ओट्यावर जाऊन एकेक दार वाजवलं. जे घरी होते ते बाहेर आले. दुपारच्या शिफ्टवाले अर्धवट झोपेतच उठून उभे राहिले. "ह्या हिरीचं पाणी कुणी पिऊ नगा," ती म्हणाली. "खराब झालंय. आमच्याच गटारानं झालंय. आजपासनं प्यायचं पाणी गावातल्या नळावरनं आमी आणून देणार. ज्यांना जायाचं त्यांनी जावा, आमी आडवणार न्हाई." कुणीतरी मागून विचारलं, किती दिवसांपासून खराब आहे. आई म्हणाली, "लई दिसांपासनं आसंल." माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

महिनाभरात सात खोल्या रिकाम्या झाल्या. उषाही गेली. दवाखान्यातून सोन्याला घेऊन ती थेट बहिणीच्या खोलीवर गेली, पुढच्या एका गावात, आणि सामान न्यायला फक्त तिचा नवरा आला. तो आमच्याशी वाईट बोलला नाही. काहीच बोलला नाही. अण्णा रोज सकाळी बैलगाडीच्या जुन्या चाकांवर बसवलेली पाण्याची टाकी ढकलत गावातल्या नळावरून आणायचे. ते आईशी बोलत नव्हते आणि आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. घरात भांड्यांचे आवाज तेवढे यायचे.

मग आईने ओटा फोडायला घेतला. अण्णा बघत राहिले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पहार घेऊन आले. गटार विहिरीच्या खालच्या अंगाला वळवलं, ओढ्याच्या बाजूला मोठा वाफा खणला. आधी गाळ बसायला टाकी, पुढे खडी, वाळू आणि कर्दळ. माझ्याकडून आईने फक्त लांबी-रुंदी काढून घेतली. अठरा खोल्यांचं पाणी किती येईल ते मी मांडून दिलं. कर्दळीचे कंद गावभर फिरून आणले. तीन आठवड्यांत वाफा तुंबला. काळं पाणी वर येऊन साचलं, वास सुटला, डास झाले. राहिलेल्या भाडेकरूंनी खिडक्या लावून घेतल्या. अण्णा वाफ्याच्या कडेला उभे राहून म्हणाले, "घरामागं जमतंय म्हणून गावाला जमतंय व्हय?"

ते शब्द मला लागले, कारण मलाही तेच वाटत होतं. आईला काय वाटलं ते तिने दाखवलं नाही. ती दोन दिवस नुसती वाफ्याकडे येऊन बसायची. हाताने एखादी कर्दळ उपटून मुळं बघायची, वास घ्यायची. मग मला हाक मारली. मुळं काळी पडून बुळबुळीत झाली होती.

"सवे, हे बघ. सारखं पाणी दिलं तर कांदाबी सडतो. आपल्या मोरीला रोज किती पाणी? सकाळी येतंय, मग दिसभर वाफा मोकळा. हितं चोवीस तास चालूच. मुळाला दम घ्यायला येळ न्हाई."

"मग?"

"दोन वाफे करायचे. एकाला पाणी, दुसऱ्याला आराम. आणि वाळू तोंडाशी नको, तिथं मोठं गोटं पायजेत. ते मीच चुकले."

मी हे सरांना जाऊन सांगितलं. त्याआधी मला त्यांना दुसरंही सांगावं लागलं, की विहीर आमची होती आणि मी त्या दिवशी त्यांच्याशी खोटं बोलले होते. ते बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग एका रविवारी बसने आमच्या गावी आले, आईच्या शेजारी वाफ्याच्या कडेला बसले आणि वहीत लिहून घेऊ लागले. आई संकोचली. ते म्हणाले, "ताई, तुम्ही बोला. हे पुस्तकात आहे, पण असं सोपं करून नाही." त्यांनी आकार थोडा बदलायला सांगितला, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला साधी फळी बसवायला सांगितली. फळी सरकवायचं काम अण्णांनी आपल्याकडे घेतलं. शेताला पाणी द्यायची त्यांची जुनी सवय होती, ते वेळ चुकवत नसत. हळूहळू वास गेला. शेवटच्या नळीतून येणारं पाणी मी काचेच्या ग्लासात धरून पाहायचे, रोज पाहायचे. गढूळ होतं ते नितळ होत गेलं. तरीही आई म्हणायची, "झाडाला घाल. पिऊ नगं." विहिरीचा गाळ काढला, औषध टाकलं, आणि तिला पुन्हा तोंड लावायला वर्ष जाऊ द्यायचं असं ठरलं. त्या वर्षभरात मी चार वेळा नमुना नेला. चारही वेळा कागद मिळाल्यावर तिथेच, कॉलेजच्या दारातल्या फोनवरून गावात कळवला. तीन वेळा बातमी वाईटच होती.

हल्ली सांडपाण्याचे वाफे करून देण्याच्या माझ्या कामाचं लोक कौतुक करतात. ताथवड्यात, माणला, तळेगावात मोठमोठ्या सोसायट्यांच्या मागे आम्ही केलेले वाफे आहेत, पहिल्या वर्षी काम करायला आलेल्या चार बायका आता स्वतःची कामं घेतात. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतं, ही कल्पना सुचली कशी. मी आईच्या मोरीचं सांगते. दोन दिवसांचं सांगत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

त्या वर्षातला चौथा कागद चांगला आला. त्या सुमारास पलीकडच्या गावातले एक खोल्यांचे मालक अण्णांकडे आले. त्यांच्या बोअरचं पाणी खराब झालं होतं, आमच्यासारखा वाफा करून हवा होता. बाहेरचं आमचं ते पहिलं काम. अण्णा खूश होते, वर्षभरात मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. आईने पाहुण्यांना चहा दिला, विचार करून सांगतो म्हणून पाठवलं आणि मला आत बोलावलं.

"उषाला सांगून ये," ती म्हणाली.

"विहीर चांगली झाली म्हणून?"

"ते बी. आन त्ये दोन दिस बी. तिला सांगितल्याबिगर मी दुसऱ्याच्या दारात कुदळ मारणार न्हाई. हितं मी समद्यांपुढं सांगितलं तवा तेवढं गाळलं. तुजं व्हतं, तू सांगायचं म्हणून."

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. बहिणीच्या शेजारचीच एक खोली उषाने घेतली होती. पत्र्याचं छप्पर, दारात रांगेने घागरी. तिने मला ओळखलं, आत बोलावलं, सतरंजी टाकली. सोन्या आता चालत होता. भिंतीला धरून माझ्याकडे बघत होता. मी विहिरीचं सांगितलं, वाफ्याचं सांगितलं. तिने "बरं झालं, मावशीला बरं वाटलं असंल" एवढं म्हटलं. मग मी म्हणाले, "उषा, तो पाण्याचा कागद मला दोन दिवस आधी मिळाला होता. सोन्याला दुसऱ्यांदा लागायच्या आधी. मी सांगितलं नाही."

ती चहाचं भांडं गॅसवर ठेवत होती. ते हातातच राहिलं.

"दोन दिवस?"

"हो."

"त्या दोन दिवसांत मी त्याला तेच पाणी पाजलं," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे, स्वतःशीच हिशोब लावल्यासारखं. "दुसऱ्या खेपेला आठ दिवस होता दवाखान्यात. मला वाटलं मह्याच हातून काई चुकलं. उकळायचं सोडलं म्हणून. मह्या सासूनं पण तेच म्हटलं. वर्षभर मी तेच धरून बसले."

मी हे कधी मनातही आणलं नव्हतं. मी वर्षभर खोल्यांना, अण्णांना, सरांना भीत होते. ती तिकडे हे ओझं घेऊन बसली असेल हे मला सुचलंच नव्हतं. "तुझी चूक नव्हती," मी म्हणाले.

सोन्या खाली बसून घागरीच्या झाकणाशी खेळायला लागला. मग ती म्हणाली, "ताई, पुढं कुणाचं लेकरू असंल तर थांबू नका."

एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. बाहेर कुणीतरी ओरडलं, नळ आला. सगळ्या दारांतून बायका घागरी घेऊन निघाल्या. उषा उठली, पदर खोचला, दोन घागरी उचलल्या. दारात क्षणभर घुटमळली. मागे वळली, सोन्याला उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि नळाला गेली.